दादाला पुन्हा पाण्यावर न्यायचंय: व्हीलचेअर आणि होडी, कुठे आणि कसं?

शास्त्रीकाठची
नमस्कार मंडळी. वाचते नेहमी, लिहितेय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा मोठा भाऊ, वय ४४. आमचं घर शास्त्री नदीच्या खाडीला लागून, त्यामुळे दादा चालायला आणि वल्हवायला बहुतेक एकदमच शिकला असावा असं आई म्हणायची. सहा वर्षांपूर्वी आंबे उतरवताना झाडावरून पडला. पाठीचा कणा, डी-१०, म्हणजे पाठीचा दहावा मणका. बेंबीपासून खाली ताकदही नाही आणि स्पर्शही कळत नाही. हात मात्र दणकट आहेत, घरात-अंगणात स्वतःची खुर्ची स्वतः चालवतो, हाताने चालणारी स्कूटर चालवतो, दुकान बघतो.

गेल्या वर्षी त्याला एका पर्यटनाच्या ठिकाणी बोटीवर घेऊन गेलो. जागेचं नाव घेत नाही. आधी फोन केला होता, "आणा हो, आपली पोरं आहेत, उचलून ठेवतील" असं उत्तर आलं. तिथे गेलो तर चार पोरं आली आणि दादाला काही विचारायच्या आत एकाने बगलेत, एकाने पायांना धरून उचललंसुद्धा. मनाने फार चांगली पोरं होती, त्यांना दोष देत नाही. पण उचलताना त्याची पोटरी धक्क्यावरच्या लोखंडी कडीला घासली. त्याला कळलं नाही कारण कळतच नाही, आम्हाला कळलं नाही कारण पँट होती. संध्याकाळी रक्त दिसलं. ती जखम भरायला दोन महिने लागले आणि ते दोन महिने खुर्ची बंद, पालथा झोपून. त्यानंतर दादाने पाण्याचा विषय काढला नाही. खाडीकडे तोंड करून बसायचा तोही पाठ करून बसायला लागला.

परवा लक्ष्मीपूजनाच्या रात्री अचानक म्हणाला, "एकदा जाऊया का गं पाण्यावर, पण त्या पोत्यासारखं नको."

तर सांगा. कुठली बोट, कुठली जेटी, काय काय न्यायचं. कोणी असं केलंय का?

धोपावे_ते_दादर
ताई, घर शास्त्रीच्या काठाला आणि विचारताय कुठली बोट? जयगड-तवसाळ जंगल जेटी, ती फेरीबोट!! गाड्या चढतात तिथून खुर्ची का नाही चढणार?

शास्त्रीकाठची
खरं सांगते, डोक्यातच आलं नव्हतं. ती आमच्यासाठी एसटीसारखी, पलीकडे जायचं साधन. "बोटिंग" म्हटलं की तिकीट, रांग आणि लाइफ जॅकेट हेच डोळ्यापुढे येतं.

धोपावे_ते_दादर
आमची दाभोळ-धोपावे तशीच. वेसवी-बागमांडला, आगरदांडा-दिघी सगळ्या त्याच जातीच्या. सपाट डेक, पुढचा लोखंडी दरवाजा काँक्रीटच्या उतारावर टेकतो, झालं. माझी आजी शेवटची दोन वर्षं खुर्चीवर होती, तिला दर गणपतीला दाभोळवरून असंच नेलं. आधी गाड्या चढू द्यायच्या, मग आपण. खुर्ची उतारावरून उतरवताना नेहमी उलटी, म्हणजे बसलेल्या माणसाची पाठ बोटीकडे, नाहीतर माणूस पुढे तोंडावर जातो. आणि दरवाजा जिथे उतारावर टेकतो तिथे तीन-चार बोटांची पायरी होते, तिथे पुढची चाकं अडकतात, तेवढं एकाने बघायचं. आजीला पलीकडे जायचंच नसायचं, ती म्हणायची फिरवून परत आणा. दोन-दोन फेऱ्या मारायचो नुसत्या.

पंचगंगा
मला एक कळंना. गावाकडं माणसं प्रेमानं उचलत्यात त्यात वाईट काय? आमच्या आप्पांना जोतिबाला पायऱ्यांवरनं पोरांनी खांद्यावर नेलं, आप्पा रडले आनंदानं. सगळीकडं रॅम्प कधी होणार आणि तोवर माणसानं घरात बसायचं का? माणुसकी आहे तोवर अडत नाही काही.

चाकांवरून_ठाणे
पंचगंगा दादा, मी स्वतः खुर्चीवर आहे, अकरा वर्षं झाली, म्हणून थोडं लिहिते. रागावून नाही लिहीत.

आप्पांना विचारून उचललं असेल, ओळखीच्या पोरांनी उचललं असेल, देवाच्या दारात. माझं असं होतं की मी कुठे फिरायला गेले की दिवसात चार-पाच वेळा अनोळखी पुरुषांचे हात माझ्या अंगाला लागतात. चांगल्या मनाने लागतात तरी लागतात. मी बाई आहे हा एक भाग. दुसरा भाग म्हणजे माझी एक कॅथेटरची पिशवी मांडीला बांधलेली असते, ती ओढली गेली तर काय होतं ते सांगत नाही इथे. तिसरं, माझं शरीर कुठून धरायचं हे मला माहीत आहे, उचलणाऱ्याला नाही. त्याला वाटतं हात धरून ओढलं की झालं, माझा उजवा खांदा तसाच निखळला होता एकदा.

मी उचलून घ्यायच्या विरुद्ध नाही. घेते. पण मी सांगेन तसं, आणि मी "तीन" म्हणेन तेव्हा. शास्त्रीकाठच्या ताई, तुमच्या दादाने "पोत्यासारखं नको" म्हटलंय ना, ते मला इतकं कळलं की वाचून थांबले थोडा वेळ. पोत्याला कोणी विचारत नाही, एवढाच फरक आहे.

आता कामाचं. मी पाच-सहा ठिकाणी बोटीत बसले आहे, माझा अनुभव असा की बोट कधीच अडचण नसते. एकदा आत बसलं की सगळे सारखेच बसलेले असतात, उलट बोटीत कोणीच चालत नाही त्यामुळे मला फार बरं वाटतं. अडचण असते ती धक्का आणि बोट यांच्यामधल्या दोन-तीन फुटांची. तेवढ्याचा विचार करा, बाकी आपोआप होतं. गेटवेवरून घारापुरीला जायचं मनात असेल तर आधी ऐका: गेटवेला ओल्या पायऱ्या उतरायच्या, लाँच हलत असते, कधी एका लाँचमधून दुसऱ्या लाँचमध्ये पाय टाकून जायचं. तासाभराचा प्रवास सुंदर. पलीकडे जेटीवरून छोटी गाडी आहे पण लेण्यांपर्यंत १२० पायऱ्या, तिथे डोली मिळते. मी लाँचचा प्रवास केला आणि पायथ्याशी बसून भजी खाल्ली, मला तेवढ्यातच पुरेसं वाटलं.

पंचगंगा
ताई, पटलं. विचारायचं हे खरंच डोक्यात येत नाही आमच्या. आप्पांनापण विचारलं नव्हतं आम्ही. घरी गेल्यावर विचारतो.

हर्णैचो_तांडेल
माझे वडील, आजे सगळे दर्यावर. मी आता नोकरी करतो पण भरती-ओहोटी अजून रक्तात आहे. वरती ताईंनी दोन-तीन फुटांचं बोलल्या ते एकदम बरोबर, पण ते दोन-तीन फूट दिवसभर सारखे नसतात हे लक्षात घ्या. मुंबईला उधाणाला पाणी चार-पाच मीटर वरखाली होतं. आपल्या रत्नागिरीकडे त्याहून कमी, तरी माणसाच्या उंचीपेक्षा जास्त. म्हणजे सकाळी जी होडी धक्क्याच्या बरोबरीला होती ती दुपारी खाली विहिरीत असल्यासारखी दिसते. आणि ओहोटीला जो उतार उघडा पडतो त्यावर शेवाळ, चांगला चालणारा माणूस आपटतो तिथे.

म्हणून जागा नंतर, तिथी आधी ठरवा. आमच्याकडे जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. जी तिथी तिला तीन चतुर्थांशाने गुणा, येईल त्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. सकाळी तेच, संध्याकाळी साधारण तेच. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, पाणी जास्त चढतं जास्त उतरतं, ओढही जास्त. अष्टमीच्या पुढेमागे भांगाची भरती, पाणी कमी हलतं.

तुमच्या दादांसाठी दशमी नाहीतर एकादशी घ्या. भांग असल्यामुळे पाण्याला ओढ कमी, आणि भरती साडेसात ते सव्वाआठ. सात-साडेसातला चढायचं, साडेनऊपर्यंत परत उतरायचं, चढतानाही पाणी वर, उतरतानाही वर. सकाळचा वाराही पडलेला असतो, दुपारी समुद्रावरून वारा सुटला की लाट उठते. अष्टमीला दुपारी बारा वाजता जाल तर बरोबर ओहोटीत सापडाल.

पावसाळ्यात, जून ते ऑगस्ट, छोट्या होडीचं नावच काढू नका.

कोथरूड_७७
तिथीची पाऊणपट!! चाळीस वर्षं कोकणात जातोय, कोणी सांगितलं नाही. कॅलेंडरच्या बाजूला लिहून ठेवलं.

हर्णैचो_तांडेल
तुम्ही भरतीच्या वेळी मासळी बाजारात असता म्हणून 😀

सातारा_फिजिओ
मी फिजिओथेरपिस्ट आहे, मणक्याचे पेशंट बरेच बघते. तांडेल दादांच्या तिथीपुढे माझं काही भारी नाही पण काही गोष्टी कोणी लिहिल्या नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचं: बोटीवर खुर्चीत बसलेल्या माणसाला बेल्टने खुर्चीला कधीही बांधू नका. गाडीत बांधतो तसं बोटीत वाटतं, पण पाण्यात पडला तर खुर्ची त्याला खाली घेऊन जाते. खुर्ची डेकला अडकवायची, ब्रेक लावायचे, चाकांना लाकडाचे ठोकळे लावायचे, माणूस मोकळा. बॅटरीच्या खुर्च्या शंभर किलोच्या वरही जातात, त्या छोट्या होडीत घालायच्याच नाहीत.

लाइफ जॅकेट. ज्यांच्या पायात ताकद नाही त्यांचे पाय पाण्यात वर तरंगतात आणि माणूस पालथा होऊ शकतो. म्हणून डोक्यामागे कॉलर असलेलं, तोंड वर ठेवणारं जॅकेट घ्या आणि आधी तलावात, पोहण्याच्या टाकीत कमरेएवढ्या पाण्यात घालून बघा कसं तरंगता ते. जॅकेट भाड्याने मिळणारं असेल तर त्याचे पट्टे तपासा, मांडीखालून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर ते नुसतं वर सरकून गळ्यात येतं.

कातडी. तुमच्या दादांच्या बाबतीत झालं ते फार वेळा होतं. फायबरची किंवा पत्र्याची बोट उन्हात इतकी तापते की संवेदना नसलेल्या मांडीला भाजून फोड येतो आणि कळत नाही. खाली स्वतःचं कुशन हवंच, जेलचं असेल तर ते सावलीत ठेवा. पायात बूट, पोटरीला जाड मोजे किंवा क्रिकेटचे पॅड असतात तसलं काही. दर पंधरा-वीस मिनिटांनी हातावर जोर देऊन बूड उचलायचं. घरी आल्यावर आरसा घेऊन सगळी कातडी बघायची, रात्रीच, सकाळवर ढकलायचं नाही.

डी-६ किंवा त्याच्या वरची इजा असलेले कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी: मूत्राशय भरलं, पिशवीची नळी दुमडली तर एकदम डोकं ठणकतं, घाम येतो, बीपी उसळतं. ते जीवावरचं असतं. बोटीत चढायच्या आधी पिशवी रिकामी, नळी सरळ, आणि सोबतच्या माणसाला हे माहीत असलंच पाहिजे. शिवाय एरवी त्यांच्या इजेखालच्या अंगाला घाम नीट येत नाही, त्यामुळे ऊन लागतं लवकर.

चाकांवरून_ठाणे
आणि खुर्ची घरी आली की गोड्या पाण्याने धुवा, पुसा, बेअरिंगला तेल. खाऱ्या हवेने माझी पुढची चाकं एका महिन्यात जाम झाली होती.

काळोखातला_प्रवासी
मला दिसत नाही. जन्मापासून. धागा खुर्चीचा आहे तरी लिहितो.

लोक मला विचारतात बोटीत बसून तुला काय मिळणार. हे विचारणाऱ्यांना मी सांगतो की तुम्ही डोळे उघडे ठेवून बसता म्हणून तुम्हाला पाणी ऐकू येत नाही. इंजिन बंद केल्यावर बोट पुढे सरकते तो जो आवाज असतो ना, पाणी फाटण्याचा, तो मी दुसरीकडे कुठेच ऐकलेला नाही. खाडीत आत शिरलं की हवा बदलते, कांदळवनाचा चिखलाचा वास येतो, आवाज जवळून परत येतात म्हणजे काठ जवळ आलाय. पुलाखालून गेलो तर छत आल्यासारखं वाटतं.

अडचण एकच होते. सगळे प्रेमाने मला मधे बसवतात, सुरक्षित म्हणून. वारा लागत नाही, शिंतोडा येत नाही, हात पाण्यापर्यंत जात नाही. मला कडेला बसवा. जॅकेट घालून बसतो, कठडा दाखवा, पायऱ्या किती ते सांगा, बोट धक्क्यापासून किती लांब आहे ते माझा हात धरून नका दाखवू, मला तुमचं कोपर धरू द्या आणि "आता" म्हणा.

सांजवात
काय लिहिलंत हो. पुढच्या वेळी डोळे मिटून बसणार आहे.

बहिरा_नाही_मी_राजा
आमचंपण लिहा कोणीतरी. लाँचवर सूचना माइकवरून देतात, मला काही ऐकू येत नाही. एकदा सगळे डावीकडून उजवीकडे गेले, मला कळेना का. जॅकेट कसं घालायचं ते एकाने उभं राहून करून दाखवलं तर पाच मिनिटांचं काम आहे. आणि श्रवणयंत्र लावणाऱ्यांनी छोटी हवाबंद डबी ठेवा, पाण्याच्या एका शिंतोड्यात यंत्र जातं.

अर्णवची_आई
माझा मुलगा नऊ वर्षांचा, स्वमग्न. त्याला पाणी इतकं आवडतं की बादलीतल्या पाण्यासमोर तासभर बसतो, पण बोटीत पहिल्यांदा नेलं तेव्हा इंजिन सुरू झालं आणि त्याने कान झाकून असा टाहो फोडला की नाळेवरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरून, सगळ्यांना खाली उतरून परत यावं लागलं. लोकांच्या नजरा मला आजही आठवतात. नंतर आम्ही तीन आठवडे रोज मोबाइलवर बोटीच्या इंजिनाचा आवाज हळू हळू वाढवत लावला, कान झाकणारे मोठे हेडफोन आणले, आणि एका भल्या होडीवाल्या काकांनी आम्हाला बोट उभी असताना नुसतं बसू दिलं, दोन दिवस, फुकट. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच बोट दाखवून "चल" म्हटलं. त्याचा "चल" हा शब्द मी तोपर्यंत कधी ऐकला नव्हता.

हातवारे करणारा मुलगा बोटीत उभा राहतो हा धोका आहे, म्हणून खोल, कडा उंच असलेली बोट बघा. आणि आपल्या कोकणातली उलांडीची होडी मिळाली तर फार चांगली, बाजूचं लाकूड असल्यामुळे ती कलंडत नाही सहजी.

ब्रिस्टलकर
इंग्लंडमधून लिहितोय. इथे वीलीबोट म्हणून बोटी आहेत, नाळ पुढे पडते रॅम्पसारखी आणि माणूस खुर्चीसकट आत, तळ्यात मासे पकडायला जातात लोक. म्हणजे धोपावेकरांची जंगल जेटीच, फक्त छोटी. मला वाचताना हसू आलं की आपल्याकडे ही गोष्ट रोज दहा फेऱ्या मारतेय आणि कोणी तिला "सुगम्य" म्हणत नाही.

शिडाच्या बोटींतही बरंच झालंय. हान्सा नावाच्या छोट्या बोटी असतात, त्यात माणूस मधोमध अगदी खाली बसतो, तोंड पुढे, आणि हाताशी एका दांड्याने सुकाणू चालतं. खाली जड पट्टी असल्यामुळे उलटत नाहीत जवळजवळ. मी इथे स्वयंसेवक म्हणून जातो, धक्क्यावर उचलायची कप्पी असते, झोळीत बसवून सावकाश बोटीत उतरवतात. झोळीत बसलेला माणूस स्वतः बटण दाबतो, तो भाग मला सगळ्यात आवडतो.

आणि हिलरी लिस्टर ह्यांचं सांगायलाच हवं. मानेखाली शरीर चालत नव्हतं. तीन नळ्यांमध्ये फुंकून आणि ओढून शीड आणि सुकाणू सांभाळायच्या. २००५ मध्ये एकट्याने इंग्लिश खाडी पार केली, २००९ मध्ये ब्रिटनला प्रदक्षिणा. २०१४ मध्ये त्या एका ओमानी सहकारी स्त्रीबरोबर मुंबईहून मस्कतला गेल्या, दीड हजार किलोमीटर समुद्र. आपल्या मुंबईहून! २०१८ मध्ये वारल्या. पॅरालिम्पिकमध्ये २००० ते २०१६ शिडाच्या बोटींची शर्यत होती, नंतर काढून टाकली, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पंचगंगा
फुंकून बोट चालवायची. बाप रे.

कोथरूड_७७
आपल्याकडची प्राची यादव पण आहे ना, ग्वाल्हेरची, भोपाळच्या तलावावर सराव करते, पॅरा कॅनोइंग. टोकियो पॅरालिम्पिकला अंतिम फेरीत होती आणि हांगचौच्या आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्ण घेतलं. आणि पाण्याचाच विषय आहे तर आपले मुरलीकांत पेटकर, ६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि ७२ ला हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्ण. आपल्या सांगलीकडचे!

बार्देशचो
गोव्याची फेरीबोट विसरलात. पणजी-बेती, रायबंदर-चोडण, दिवाडीची. चालत येणाऱ्याला पैसे नाहीत, सपाट डेक, तीच पद्धत. माझी मावशी वॉकर घेऊन चोडणला जाते रोज. फक्त बसायला सावली कमी आणि लोक गाड्या चालू करून उभे राहतात, धूर येतो, तेव्हा पुढे कठड्याजवळ जागा घ्यायची.

आणि कोचीला गेलात तर वॉटर मेट्रो बघून या, एप्रिल २०२३ ला सुरू झाली. तांडेल दादा म्हणतायत ते भरती-ओहोटीचं दुखणं त्यांनी मुळातच काढलं. धक्काच तरंगता केलाय. पाणी वर आलं की धक्का वर, खाली गेलं की खाली, बोट आणि धक्का कायम एका पातळीत. खुर्ची सरळ ढकलत आत. १०० माणसांची बॅटरीवर चालणारी बोट, आवाज नाही. अर्णवच्या आईंनी न्यावं त्याला.

हर्णैचो_तांडेल
तरंगता धक्का हेच उत्तर आहे. आमच्याकडे प्रत्येक नवीन जेटी काँक्रीटची बांधतात, मजबूत, आणि बोट तिच्याखाली लोंबकळते. एक तरंगता तुकडा जोडला तर कोळणींच्या टोपल्यांनाही सोपं जाईल, त्यांचे गुडघे काय खुर्चीवाल्यांपेक्षा कमी दुखतात?

विधी_नियम
वकील आहे म्हणून एक मुद्दा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, आधीच्या १९९५ च्या कायद्यात ७ होते. वाहतूक व्यवस्थेची जी व्याख्या आहे त्यात रस्ता, रेल्वे, हवाई यांच्याबरोबर जलवाहतूक हा शब्द लिहिलेला आहे. म्हणजे "बोटीला हे लागू नाही हो" असं कोणी म्हटलं तर ते चूक आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी जेटीची कामं निघतात तेव्हा ग्रामपंचायतीने, स्थानिक संघटनेने हे कलम लावून अर्ज दिला तर नकाशा बदलतो. बांधून झाल्यावर बदलत नाही. मी अर्जाचा मसुदा करून देईन, ज्यांना हवा त्यांनी निरोप टाका.

पंचगंगा
आप्पांना विचारलं. म्हणाले, "आनंदानं रडलो ते खरंय. पण उतरताना तुम्ही मला उलटा धरलावता, देव मागं राहिला आणि मी आभाळ बघत आलो. सांगायचं राहिलं." तीन वर्षं सांगायचं राहिलं होतं मंडळी.

चाकांवरून_ठाणे
आप्पांना माझा नमस्कार सांगा.

सांजवात
विषयांतर होतंय पण मांडव्याला जाणारी रो-रो कोणी वापरली आहे का? सासूबाईंना पार्किन्सन आहे.

धोपावे_ते_दादर
भाऊच्या धक्क्यावरून सुटते, २०२० पासून आहे, आपली गाडी थेट पोटात जाते. वर बसायच्या मजल्यावर चढायचं कसं ते आदल्या दिवशी फोन करून विचारा, त्या दिवशी कुठली सोय चालू आहे ते तेच सांगतील. पार्किन्सनवाल्यांना हलताना वळायला त्रास होतो, तेव्हा सगळे उतरून गेले की मग उठवा, घाई करू नका.

शास्त्रीकाठची
मंडळी, जवळजवळ दोन महिने गप्प होते, जाऊन आलो. मार्गशीर्ष वद्य दशमी. सगळं लिहिते.

आदल्या दिवशी फक्त तवसाळची फेरी. खुर्ची उलटी उतरवली, दरवाज्याची पायरी धोपावेकरांनी सांगितली तिथेच निघाली, चाकं उचलून घेतली. दादा कठड्याला गेला आणि तिथेच थांबला. पलीकडे पोचल्यावर मी खुर्ची वळवायला लागले तर म्हणाला, "राहू दे." तीन फेऱ्या झाल्या. तिकीटवाल्याने चौथ्यांदा पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे होडी. गावातल्याच एका काकांची, दादाच्या लहानपणीची ओळख. गावच्या सुताराकडून फणसाच्या लाकडाची हातभर रुंद, गुळगुळीत फळी करून घेतली होती. सव्वासातला बांधाजवळ गेलो, पाणी चढत होतं, तांडेल दादा तुमची पाऊणपट मिनिटांत नाही पण दहा मिनिटांत बरोबर निघाली. साडेसातला होडीची कड बांधाच्या बरोबर आली. दादा खुर्चीतून बांधावर बसला, बांधावरून फळीवर, फळीवरून सरकत होडीत. स्वतःच्या हातांनी. काकांनी फक्त होडी घट्ट धरली होती, आणि मी पाय उचलून आत ठेवले, तेही तो "आता पाय" म्हणाल्यावर. कोणी त्याला उचललं नाही.

खाली कुशन, पाठीला भाताच्या पेंढ्याचं गाठोडं, पोटऱ्यांना भाच्याचे क्रिकेटचे पॅड. जॅकेट चिपळूणच्या टाकीत आठवडाभर आधी घालून बघितलं होतं, पहिलं खरंच पालथं करत होतं, फिजिओ ताई तुमच्यामुळे दुसरं आणलं.

काका वल्हवत होते. मधे कांदळापाशी दादाने हात पुढे केला. काकांनी काही न बोलता वल्हं दिलं. पहिल्या दोन-तीन वेळा होडी नुसती गोल फिरली, कारण पूर्वी तो पायाने रेटा देऊन वल्हवायचा, आता कमरेखाली जोर नाही. मग त्याने डावा हात होडीच्या कडेला धरून पाठ टेकवली आणि एका हाताने आखूड आखूड मारायला लागला. सरळ गेली. मी फोटो काढले नाहीत, काढावे असं सुचलंच नाही.

नऊ वाजता परत, पाणी अजून वर होतं. रात्री आरसा घेऊन बघितलं, एक ओरखडा नाही.

काळोखातला_प्रवासी
कांदळापाशी वास आला का?

शास्त्रीकाठची
दादाला विचारलं. तोच लिहितोय खाली.

शास्त्रीकाठची
(दादा) आला. ओहोटी लागायच्या आधी जो येतो तो. बहीण म्हणते सगळ्यांचे आभार मान. मानतो. चाकांवरून ताई, फळीचं माप पाठवतो, ठाण्याच्या खाडीलाही चालेल. काळोखातले भाऊ, जानेवारीत दशमीला या, कडेला बसवतो. तांडेल दादा, एक विचारायचं होतं, एकादशीला सव्वाआठ म्हणालात, पण आमच्याकडे खाडी आत वळते, तिथे भरती मुखापेक्षा उशिरा पोचते ना? किती धरायचं?

हर्णैचो_तांडेल
बरोबर पकडलंत. आत किती मैल आहात ते सांगा. तोंडाला भरती झाली की घड्याळ लावायचं आणि तुमच्या बांधाला पाणी कधी थांबतं ते बघायचं, दोन-तीन दिवस लिहून ठेवा. खुणेचा दगड आहे का बांधाजवळ?